एअर रेससाठी हँडहेल्ड स्कॅनर घेताय? या चुका टाळा

सप्टेंबर जवळ आला की ठाण्यातून कुणी ना कुणी मुलाकडे अमेरिकेला निघतं. बेतात एअर रेस, म्हणजे विमानांची शर्यत, असेल तर वैमानिकांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला हातात मावणारा स्कॅनर हवा असतो, आणि मला फोन येतो, "दादा, स्कॅनर कुठला घेऊ? रेंज चांगली पाहिजे." अहो, विमानं तुमच्या डोळ्यांसमोर घिरट्या घालणार, पाच-सात किलोमीटरच्या आत. रेंज काय करायचीय? त्यात एएम, म्हणजे विमानांचा रेडिओ ज्या पद्धतीने चालतो ती, आहे का, हे विचारा. ते कुणी विचारत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्कॅनरच्या जागी स्वस्तातली वॉकीटॉकी घेणं. मित्राचा भाचा, खारघरचा, सध्या तिकडेच शिकतो. अमेरिकेतल्या रेनो शहरातली एअर रेस १९६४ पासून चालली आणि २०२३ ला संपली. २०२५ पासून ती न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला भरते. तिथे जायचं म्हणून पठ्ठ्याने ऑनलाइन एक चिनी वॉकीटॉकी मागवली. स्क्रीनवर १२० च्या पुढचा आकडा टाकता येतो, म्हणजे विमानांचं बोलणं ऐकू येणार, असा हिशेब. शर्यत सुरू झाली. वैमानिक बोलला की हिरवा दिवा लागायचा, पण आवाज? नुसती खसखस आणि घुसमटलेलं काहीतरी. याने बॅटरी बदलली, अँटेना बदलली, स्टँडच्या वरच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. मग मला मेसेज. ठाण्यात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

घोळ सरळ आहे. विमानांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये आणि एएमवर चालतं. एएममध्ये आवाज लहरीच्या कमी-जास्त ताकदीत असतो. ती वॉकीटॉकी एफएमवाली, आणि एफएम रिसीव्हर नेमका तो चढउतार छाटून टाकतो. म्हणून सिग्नल आल्याचं कळतं, शब्द कळत नाहीत. विमान वाहतुकीने एएम जुनाट म्हणून ठेवलेलं नाही. दोघे एकदम बोलले तर एएमवर शिट्टी वाजते आणि गोंधळ झाल्याचं सगळ्यांना समजतं. एफएमवर जोरदार सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो, कुणाला पत्ताही लागत नाही.

शिवाय वॉकीटॉकीला बोलायचं बटण असतं. गर्दीत, बॅगेत ते दाबलं गेलं तर? हजार फुटांच्याही खाली ताशी ७००-८०० किलोमीटरने उडणाऱ्यांच्या कानात तुमच्या बॅगेची खरखर नको. ज्यातून बोलताच येत नाही असंच यंत्र घ्या.

दुसरं टोक म्हणजे सगळ्यात महागडा डिजिटल, ट्रंकिंगवाला (आपोआप बदलत्या चॅनलचा माग काढणारा) स्कॅनर. तो पोलीस आणि अग्निशमनवाल्यांसाठी. इथे सगळं अॅनालॉग आहे. युनिडेनचा बीसी१२५एटीसारखा साधा स्कॅनर पुरतो. ५०० चॅनल, पेन्सिल सेलवर चालतो. ज्यांना दुकानात पाऊल टाकताच वरचं मॉडेल लागतं, त्यांनी खुशाल घ्यावं. मला विचारू नये.

आता माझा दुसरा लाडका राग. नौपाड्यातले एक काका इंटरनेटवरून त्या विमानतळाच्या झाडून सगळ्या फ्रिक्वेन्सी भरून गेले: टॉवर, ग्राउंड, एटीआयएस, सगळं. एटीआयएस म्हणजे हवामानाची आणि धावपट्टीची रेकॉर्ड केलेली सूचना, अखंड चालू. स्कॅनर बोलणं सापडलं की थांबतो, आणि हे बोलणं कधी संपतच नाही. काकांनी अख्खी हीट, म्हणजे शर्यतीची एक फेरी, वाऱ्याची दिशा ऐकली. स्पर्धकांना रांगेत आणून शर्यत सुरू करून देणाऱ्या पेस विमानाच्या वैमानिकाचं ते ठरलेलं "जंटलमेन, यू हॅव अ रेस" गेलं, आणि एकाने मेडे, म्हणजे संकटाची हाक, पुकारून वेगाच्या जोरावर उंची घेतली, तेही त्यांना शेजाऱ्याने सांगितलं.

माझी सवय अशी की एटीआयएस आधी लॉकआउट, म्हणजे स्कॅनरने ती वगळावी अशी सोय. सरावाच्या दिवशी ११८ ते १३७ सर्च लावून बसायचं. २५ किलोहर्ट्झच्या पायरीने ७६० चॅनल होतात, कुठे बोलणं चालू आहे ते लवकर सापडतं. शर्यतीची फ्रिक्वेन्सी मिळाली की स्कॅनर तिथेच थांबवणारं होल्ड दाबायचं आणि बोट काढून घ्यायचं. शर्यत चालू असताना स्कॅन करणं हा उतावळेपणा आहे.

बाकीचं थोडक्यात. लांब अँटेना नको. पाव तरंगलांबीची साधारण ६० सेंटिमीटर भरते आणि मागच्याच्या डोळ्यात जाते, सोबत आलेली रबरी पुरे. स्क्वेल्च, म्हणजे बोलणं नसताना खरखर बंद ठेवणारी सोय, खरखर थांबेल इतकीच फिरवा. इंजिनांच्या गर्जनेत इअरफोन कुचकामी, कान झाकणारे वायरवाले हेडफोन न्या. फोनवरच्या अॅपच्या भरवशावर राहू नका: आवाज काही सेकंद उशिरा येतो, आणि दहा सेकंदांत विमान दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. बीसी१२५एटीमध्ये सेलखाली एक छोटी खटकी आहे, साधे सेल की चार्जिंगचे हे ठरवणारी. साधे सेल घालून चार्जिंगला लावलेत तर सेल गळतात.

आणि स्कॅनर घेऊन ठाण्याला येऊ नका. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून "उलव्याला बसून ऐकू" म्हणणारे वाढलेत. अमेरिकेत असं ऐकण्याला हरकत नाही, आपल्याकडे आहे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असली उपकरणं विनापरवाना बाळगायला मनाई केली, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही परवानगीची अट आहेच. यंत्र मुलाच्या घरीच ठेवा, सेल काढून. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना खिशात असला तरी तो हौशी बँडपुरता, विमानांच्या नाही.