मानेच्या खाली वस्तरा नको

ऑपरेशनच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास मी ट्रे घेऊन वॉर्डात शिरायचो. ट्रेमध्ये वस्तरा, ब्लेडची पुडी, साबणाचं पाणी, गॉज आणि एक बॅटरी, कारण वॉर्डातला दिवा हवा तिथं उजेड कधीच पाडत नाही. हर्नियाचा पेशंट असला की बेंबीपासून अर्ध्या मांडीपर्यंत सगळं साफ करायचं. दवाखान्यात याला 'पार्ट प्रेप' म्हणतात. पेशंट लाजून भिंतीकडे बघायचा, मी पावसापाण्याच्या गप्पा काढायचो.

मिरज म्हणजे सतारी आणि दवाखाने. त्यातल्या एका दवाखान्यात मी चोवीस वर्षं हेच काम केलं. घरचा धंदा न्हाव्याचा. वडिलांची धोकटी अजून दुकानात खुंटीला आहे. हात साफ होता आणि त्याचा मला तोराही होता. एकदा हर्नियाच्या एका पेशंटची जांघ इतकी गुळगुळीत केली की सिस्टरसुद्धा वा म्हणाल्या. सकाळी सर्जननी चादर उचलली तर तिथं मोहरीएवढे लाल फोड. ऑपरेशन पुढं ढकललं. साहेबांनी मला बोलावलं, माझ्या हातात भिंग दिलं आणि म्हणाले, "बघा." बघितलं. बोटाला लोण्यासारखी लागणारी कातडी भिंगाखाली तिरप्या ओरखड्यांनी भरलेली होती. प्रत्येक केसाच्या मुळाशी वरची साल निघालेली, काही ठिकाणी पू धरलेला. माझं 'गुळगुळीत' म्हणजे कातडी सोलणं होतं.

पुढं दवाखान्यात वस्तरा बंद झाला, क्लिपर आला, म्हणजे कातडी न सोलता केस आखूड कापणारं मशीन. 2016 साली तर जागतिक आरोग्य संघटनेनं नियमातच लिहिलं, की ऑपरेशनआधी केस शक्यतो काढू नका, काढायचेच तर क्लिपरनं, वस्तरा नकोच. आता मी मुलाच्या दुकानात बसतो. तो कटिंग करतो, मी दाढ्या. जिमची पोरं, तालमीतली पोरं, लग्न ठरलेली पोरं गिऱ्हाईक कमी झालं की खुर्ची जवळ ओढून हळूच विचारतात, "काका, खालचं कसं करायचं?" त्यांना सांगतो ते इथं लिहितोय.

आधी एक सांगतो, काढलेच पाहिजेत असं काही नाही. अंगावरचे केस म्हणजे मळ नव्हे. पण काखेत बोटभर जंगल असलं की घाम तिथंच मुरतो. घामाला स्वतःचा वास नसतो, त्यावर पोसणाऱ्या जिवाणूंमुळे तो येतो. केस आखूड असले की साबण कातडीपर्यंत पोचतो आणि काख लवकर सुकते. एवढ्यासाठी आखूड पुरेत, मुळासकट काढायचं कारण नाही. आणि "एकदा काढले की दाट येतात" हे आमच्या धंद्यातलंच जुनं खूळ आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन बाईंनी 1928 सालीच केस मोजून ते खोटं ठरवलं होतं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलं की बोथट होतं, म्हणून खूट हाताला राठ लागतात.

तर, ट्रिमर घ्या. महागडा नको, पण वेगवेगळ्या मापाचे गार्ड, म्हणजे पात्यावर बसणारे कंगवे, मिळतात असा घ्या. दाढीचा वेगळा आणि अंगाचा वेगळा. आमच्या घरी दोन्ही काळेच, म्हणून अंगाच्या ट्रिमरला मी बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय. आणि तो एकट्याचा. हॉस्टेलवर एका ट्रिमरवर अख्खी खोली चालते, ते बंद करा. कावीळ 'ब'चा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा कमीत कमी 7 दिवस जिवंत राहतो, आणि खरचटलेलं रक्त डोळ्याला दिसतंच असं नाही. सलूनमध्येही ब्लेड तुमच्यासमोर फोडायला सांगा. खरा कारागीर राग मानत नाही.

अंघोळीच्या आधी, कोरड्या अंगावर ट्रिमर फिरवायचा. ओले केस गुंततात आणि ओढ बसते. खाली वर्तमानपत्र पसरा, नाहीतर मोरीची जाळी तुंबते आणि घरातल्या बाईची बोलणी खावी लागतात. काखेला 3 मिलिमीटरचा गार्ड पुरतो. हात डोक्यामागे घेतला की काखेची कातडी ताणली जाते. तिथले केस एका दिशेनं उगवतच नाहीत, निम्मे वर, निम्मे खाली, म्हणून आधी वरून आणि मग खालून फिरवा. छातीला 6 मिलिमीटर. छातीवर भोवरे असतात, त्यामुळे ट्रिमर गोल फिरवावा लागतो. स्तनाग्रावर एक बोट ठेवा आणि त्याच्या कडेनं जा. पाठ स्वतः करायला जाऊ नका. भावाला, बायकोला सांगा, नाहीतर राहू द्या. पाठीचे केस कुणाच्या वाटेत येत नाहीत.

आता जांघ. सगळा घोळ इथंच होतो, म्हणून जरा सावकाश. एक पाय स्टुलावर ठेवा. बाथरूमला उजेड नसेल तर तिथं करू नका, आतल्या खोलीत दार लावून करा. गार्ड 3 मिलिमीटरचाच, आणि एकदाही काढायचा नाही. वृषणाची कातडी सैल, पातळ आणि सुरकुतलेली असते. गार्डाशिवाय सुरकुती दातांत अडकली की जे होतं ते एकदा झालेला माणूस जन्मभर विसरत नाही. डाव्या हातानं कातडी अलगद ताणून धरायची, ओढायची नाही. थंडीत ती आणखी आक्रसते, त्यामुळे डिसेंबरात पहाटे उठून हा उद्योग करू नका. मशीन दाबायचं नाही, टेकवायचं आणि सरकवायचं. दोन हातांत जे गेलं नाही ते तिसऱ्या हातातही जात नाही, कातडी मात्र लाल होते.

झालं की मशीन ब्रशनं झाडा, पात्यांना स्पिरिटचा बोळा फिरवा, वाळलं की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. स्पिरिट मशीनला, अंगाला नाही. आफ्टरशेव्ह, जंतुनाशक द्रव, अत्तर यातलं काही खाली लावू नका. चरचरलं म्हणजे औषध लागू पडलं हा समज आमच्या वडिलांपासूनचा, आणि चुकीचा. तुरटी गालावरचं बारीक रक्त थांबवते, तेवढंच तिचं काम. ती लावली म्हणून जंतू मेले असं समजू नका. कोमट पाण्यानं अंघोळ करा, पंचानं टिपा, घासू नका, आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. त्या दिवशी काखेला डिओ नको, सुती सैल चड्डी घाला आणि जिमला सुट्टी द्या.

इतकं सांगूनही काही पोरं म्हणतात, "नाही काका, क्लीनच पाहिजे." मग निदान रीत तरी पाळा. आधी ट्रिमरनं आखूड, मग पाच मिनिटं कोमट पाणी, मग दाढीचं क्रीम. नवं ब्लेड, आणि एकाच पात्याचं. चार-पाच पात्यांच्या रेझरची गंमत अशी, की पुढचं पातं केस किंचित वर ओढतं आणि मागचं तो कापतं. कापलेलं टोक परत कातडीच्या आत जातं. दाढीला ते सोसतं एक वेळ. खाली केस कुरळा असतो, वाढताना वळतो आणि बाहेर यायच्या ऐवजी बाजूच्या कातडीत शिरतो. म्हणून हात सुलटाच, केस जातात त्या दिशेनं. उलटा हात मारायचा नाही. आणि हे सगळं करायचं ते छातीपोटापुरतं. जांघेत आणि वृषणावर ब्लेड लावणाऱ्याला मी सल्ला देत नाही, मलमपट्टीचा पत्ता देतो.

केस आत वळला की तांबडी पुळी येते आणि मधोमध काळा ठिपका किंवा केसाचं वेटोळं दिसतं. मुळाशी पू धरून ठणकायला लागलं की त्याला आपण केसतोड म्हणतो. लगेच नखानं फोडायची सवय असते सगळ्यांना. फोडू नका. त्या जागेवर ब्लेड, ट्रिमर सगळं बंद. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं शेका. वेटोळं वर आलं तर स्वच्छ सुईच्या टोकानं फक्त मोकळं करा, उपटू नका, कारण उपटला की पुढचा केस परत आतच वाढायची शक्यता. शेकून दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टर. काखेत गळू, म्हणजे काखमांजरी, पुन्हा पुन्हा होत असेल तर तो केसांचा प्रश्न राहिलेला नाही, कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि चाळिशीच्या माणसाला केसतोडांवर केसतोड येत असतील तर मी आधी साखर तपासून यायला सांगतो. दुकानातून असे तिघं पाठवले, त्यातल्या दोघांना मधुमेह निघाला.

केस काढायचं क्रीम छातीपाठीला चालतं. ते केस कापत नाही, विरघळवतं, आणि तेवढंच तिखट असतं. चोवीस तास आधी दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावून बघा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका, आणि जांघेत अजिबात नको. वॅक्सिंगला केस निदान 5 मिलिमीटर लागतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील किंवा गेल्या सहा महिन्यांत घेतल्या असतील तर वॅक्सिंग करू नका, केसाबरोबर कातडी निघते. नाकातले केस कात्रीनं टोकं कापा, उपटू नका. तीळ किंवा चामखिळीवरचा केसही कापाच, ओढू नका.

आता ज्याच्यासाठी मी मूळ लिहायला बसलो ते गजकर्ण. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये घामानं आणि जुलैत ओल्या कपड्यांनी निम्म्या पुरुषांची जांघ खाजते, आणि सगळे गप्प. गोल चट्टा, कड तांबडी आणि उठलेली, मधला भाग साफ, हळूहळू पसरत जाणारा. ही बुरशी आहे. लोक काय करतात, तर मेडिकलमध्ये जाऊन "खाजेची मलम द्या" म्हणतात. मिळते ती बरेचदा मिसळीची, तिच्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. आत बुरशी आरामात वाढते, ट्यूब संपली की दुप्पट होऊन बाहेर येते. परत ट्यूब. माझ्या मेव्हण्यानं हा खेळ दोन वर्षं केला. त्याच्या मांडीच्या आत आता बाळंतिणीच्या पोटावर असतात तशा पांढुरक्या रेघा आहेत. कातडी इतकी पातळ झाली की रेघा आता जाणार नाहीत. अशी स्टेरॉइड मलमं 2018 साली सरकारनं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा यादीत घातली. तरी काउंटरवरून हात पुढं येतोच. खोक्यावर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन वाचलंत आणि डॉक्टरनं लिहिलेलं नसेल, तर परत करा. डॉक्टर जितके दिवस सांगतील तितके दिवस औषध लावा, खाज थांबली म्हणून सोडू नका. चट्टा असेपर्यंत तिथं ट्रिमरही नको, आणि आधी फिरवला असेल तर पाती नीट साफ करा.

ही बुरशी पुष्कळदा पायाच्या बोटांमधून वर येते. बोटांच्या बेचक्यात पांढरं भिजल्यासारखं दिसतंय? मग कपडे घालताना आधी मोजे आणि मग चड्डी. उलटं केलं की पावलाची बुरशी चड्डीला लागून थेट जांघेत. पंचा दोन ठेवा, एक वरचा, एक पायांचा. जांघ पूर्ण कोरडी झाल्याशिवाय चड्डी चढवू नका. पावसाळ्यात चड्डी वाळत नसेल तर उलटी करून कडक इस्त्री फिरवा. तालमीतल्या पोरांना मी लंगोटाबद्दल रोज बोलतो. हौद्यातली माती, ताक, हळद, तेल सगळं अंगाला लागू दे, पण लंगोट स्वतःचा, रोज धुतलेला आणि उन्हात वाळवलेला. एकाचा लंगोट दुसऱ्यानं घातला की दोघंही आठवड्यात माझ्या दुकानात.

लग्नाच्या पोरांचं गणित वेगळं. छाती साफ करायची असेल तर हळदीच्या चार दिवस आधी, ट्रिमरनं, आणि जे कधी केलं नाही ते त्या आठवड्यात पहिल्यांदा करून बघायचं नाही. गेल्या मे महिन्यात एक पोरगा हळदीच्या दिवशी सकाळी साडेआठला शर्टाची बटणं सोडतच दुकानात आला. रात्री मित्रांनी बसवून रेझर फिरवला होता, उलटा. छाती टोमॅटोसारखी.

"काका, दहा वाजता हळद आहे, काय लावू?"

गार पाण्याचा पंचा ठेव म्हटलं, दुसरं काही लावू नकोस. आणि बनियन घालूनच पाटावर बस.

"वहिन्या ऐकतील व्हय?"

मी म्हटलं, फोन दे, मी बोलतो.