फाइल ओढून विंडोत टाकता आली पाहिजे

डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या कंपनीत फ्रेशर म्हणून लागलात की कधी ना कधी हे काम वाट्याला येतंच: "आपल्या अ‍ॅपमध्ये फाइल ड्रॅग करून टाकता येत नाही, तेवढं करून टाक." कोड जेमतेम वीसेक ओळींचा, म्हणून नवख्याच्या गळ्यात. कुरकुर न करता घ्या. त्या वीस ओळींत दुसऱ्या प्रोग्रॅमशी आणि थेट ऑपरेटिंग सिस्टिमशी गाठ पडते, आणि ते कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये सहसा होत नाही. पुढचं सगळं मुख्यतः विंडोज आणि पायसाइड ६ (पायथनमध्ये विंडो, बटणं बनवायची क्यूटी लायब्ररी) धरून सांगतोय. आमचं सॉफ्टवेअर सीए मंडळींच्या ऑफिसांत चालतं; तिथे दिवसभर बँक स्टेटमेंटच्या पीडीएफ इकडून तिकडे ओढणं चालू असतं.

मुळात फाइल तुमच्या विंडोत येतच नाही. एक्सप्लोरर, म्हणजे विंडोजचा फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, फक्त विचारतो, माझ्याकडे अमुक प्रकारचा माल आहे, घेणार का? म्हणून आधी विजेटवर (विंडोतल्या ज्या भागावर फाइल पडणार त्यावर) सेटअ‍ॅक्सेप्टड्रॉप्स चालू करायचं, मग फाइल विजेटवर येताच चालणाऱ्या ड्रॅगएंटरइव्हेंट या फंक्शनमध्ये माइमडेटात, म्हणजे ओढलेल्या मालाच्या वर्णनात, यूआरएल (फाइलचे पत्ते) आहेत का ते बघून होकार द्यायचा. तो दिला नाही तर फाइल सोडल्यावर चालणारा ड्रॉपइव्हेंट कधी बोलावलाच जात नाही, आणि नवखे नेमके त्या न चालणाऱ्या ड्रॉपइव्हेंटमध्ये प्रिंट टाकत बसतात. क्यूलिस्टविजेट (यादी दाखवणारं विजेट) वापरत असाल तर फाइल वरून फिरताना चालणारा ड्रॅगमूव्हइव्हेंटही लिहावा लागतो, कारण त्याचा मूळचा मूव्ह बाहेरची फाइल नाकारतो. विंडोच्या मधोमध क्यूटेक्स्टएडिट (मजकूर लिहायची चौकट) असेल तर आणखी गंमत: ड्रॉप तोच गिळतो आणि फाइलचा पत्ता मजकूर म्हणून छापून मोकळा होतो. त्या टेक्स्टएडिटचं ड्रॉप घेणं बंद करा, म्हणजे ड्रॉप वरच्या विजेटपर्यंत पोचेल.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण कोडमध्ये नसतेच. कोड बरोबर, तरी कर्सरवर निषेधाचं गोल चिन्ह. अशा वेळी पहिला प्रश्न: अ‍ॅप 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने चालू आहे का? व्हिस्टापासून विंडोज कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमला जास्त अधिकाराच्या विंडोत काही ढकलू देत नाही. एक्सप्लोरर साध्या अधिकाराने चालतो, तुमचं अ‍ॅप अ‍ॅडमिनचं, म्हणजे वाट बंद. एडिटर अ‍ॅडमिन म्हणून उघडला असेल तर त्यातून चालवलेलं अ‍ॅपही अ‍ॅडमिनचंच होतं, हे चटकन लक्षात येत नाही. यावर कोडने मात करायच्या युक्त्या सापडतील. माझं मत असं की अ‍ॅपला अ‍ॅडमिनचे अधिकार खरंच लागतात का, हे सीनियरला विचारा. बहुतेक वेळा लागत नसतात.

आता पत्त्याबद्दल. हातात येते ती यूआरएल. तिच्या सुरुवातीचा 'फाइल' आणि तिरप्या रेघा स्वतः कापून पाथ (फाइलचा डिस्कवरचा पत्ता) काढणारा कोड मी बराच पाहिलाय. इंग्रजी नावांवर तो चालतोही. मग कुणीतरी 'जमाखर्च मार्च' नावाची फाइल टाकतं, आणि यूआरएल एन्कोड केलेल्या रूपात घेतली असेल तर प्रत्येक देवनागरी अक्षर किंवा मात्रा टक्केचिन्हाने सुरू होणाऱ्या तीन संकेतांत फुटून समोर येते. मधली मोकळी जागासुद्धा सुटत नाही. यूआरएलचं टूलोकलफाइल हे फंक्शन हे काम नीट करतं, तेच वापरा. त्याआधी इजलोकलफाइलने ती याच मशीनवरची फाइल आहे ना ते तपासा, कारण ब्राउझरमधून ओढलेल्या चित्राची यूआरएल इंटरनेटवरची असू शकते. आणि टाकलेली वस्तू फोल्डर निघू शकते, हे गृहीतच धरा.

ग्राहकाची तक्रार मात्र हमखास आउटलुकची असते: "मेलमधली अटॅचमेंट टाकली, काहीच झालं नाही." क्लासिक आउटलुकमधून ओढलेली अटॅचमेंट अजून डिस्कवर फाइल नसते, म्हणून तिला पाथही नसतो. तिचं वर्णन आणि आतला मजकूर वेगवेगळ्या विंडोजी फॉरमॅटमध्ये येतात, ते स्वतः वाचावे लागतात. असं कोडं पडलं की माइमडेटाचे फॉरमॅट्स छापून बघा; मालाची यादीच समोर येते. हे काम वेगळं तिकीट (नोंदवलेलं स्वतंत्र काम) म्हणून मागा, वीस ओळींत बसत नाही.

ड्रॉपइव्हेंटमध्ये पीडीएफ वाचायला घेऊ नका. तुमचा ड्रॉप संपेपर्यंत पलीकडचा एक्सप्लोररही खोळंबतो, आणि दोन विंडो गोठल्या की माणूस थेट टास्क मॅनेजर उघडतो. पाथची यादी घ्या, बाहेर पडा, काम मागे चालणाऱ्या वेगळ्या थ्रेडवर द्या. तसंच ड्रॉपची कृती 'कॉपी' अशी स्पष्ट सांगा. 'मूव्ह' मान्य केलं तर मूळ फाइल काढून टाकण्याची मुभा तुम्ही समोरच्या प्रोग्रॅमला देता, आणि ती फाइल एखाद्याचं वर्षाचं स्टेटमेंट असते.

टीकेइंटर (पायथनसोबत येणारी विंडो बनवायची लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी एवढंच: त्यात बाहेरून फाइल ओढून घ्यायची सोय नाही, टीकेइंटरडीएनडी२ हे वेगळं पॅकेज लावावं लागतं.

पाथची यादी घेणारं फंक्शन ड्रॉपइव्हेंटपासून वेगळं ठेवा. 'फाइल निवडा' हे बटण त्यालाच जोडा, आणि ड्रॉप आलं म्हणून ते बटण काढू देऊ नका. माउस दाबून ओढणं सगळ्यांना जमत नाही. २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीत) ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय मागितलाय तो याचसाठी. तो नियम वेबसाठी असला तरी डेस्कटॉपवर पाळायला कुणी अडवलेलं नाही. आणि डेस्कटॉपवरच्या तुमच्या आयकॉनवरच कुणी फाइल टाकली तर विंडोज तिचा पाथ कमांड लाइनच्या आर्ग्युमेंटमध्ये देतं, तोही त्याच फंक्शनला द्या. टेस्टर ते करून बघणारच आहे.