इंदूरहून थायलंडला इंग्रजी शिकवायला येताय? आधी हे वाचा

बी.एड. नाही, टेफलचा, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स नाही, तरी बाहेर इंग्रजी शिकवायची नोकरी मिळेल का? इंदूरच्या मुलामुलींचा मला येणारा पहिला प्रश्न हाच. मिळते. मी कित्येक वर्षं थायलंडमधल्या कोराटच्या शाळांमध्ये शिकवतेय, तेव्हा हे ऐकीव सांगत नाही. पण या सर्टिफिकेटची काळजी सगळे करतात आणि ज्याची करायला हवी ते तसंच राहून जातं.

आधी देशाचं. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा मुळात इंग्रजी बोलणाऱ्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांना करारामुळे थोडी वाट आहे, पण ती शिक्षकी परवाना असलेल्यांना. व्हिएतनामला पदवीसोबत अध्यापनाचं प्रमाणपत्र मागतात. थायलंडच्या शाळेत कुठल्याही विषयाची पदवी चालते, अगदी बी.कॉम.सुद्धा. मातृभाषा इंग्रजी नसेल तर टोइकमध्ये ६०० गुण किंवा त्या तोडीची दुसरी परीक्षा लागते. मग खुरुसभा, म्हणजे इथली शिक्षक परिषद, तिच्याकडून शाळा तुमच्यासाठी विनापरवाना शिकवण्याची तात्पुरती मुभा काढते. ती दोन वर्षांची असते.

आता कागद. आपल्याकडे देवी अहिल्या विद्यापीठातून पदवी घेतलेल्या कितीतरी जणांनी खरी डिग्री काढलेलीच नसते. मार्कशीट आणि प्रोव्हिजनलवर भारतात सगळं निभतं, इथे निभत नाही. तिच्यासाठी अर्ज आजच करा. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स काढा. डिग्रीवर कुठले शिक्के हवेत ते शाळेकडून लेखी विचारून घ्या, कुणा ओळखीच्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

आणि नावं जुळवा. मार्कशीटवर वडिलांचं नाव नाही, पासपोर्टवर आहे. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये कुठे एक ‘ए’ जास्त. मुलींचं तर विचारूच नका. डिग्री माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा, आणि आपल्यात अजूनही काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात. थाई कारकुनाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बायका असतात. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घेऊनच निघा. इथे आल्यावर तेवढ्यासाठी इंदूरला परत जावं लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

आता सर्वात महत्त्वाचं. पर्यटक म्हणून आलात तर एक तासही शिकवू नका. डेमोच्या नावाखाली आठवडाभर नाही, ‘परमिट प्रोसेसमध्ये आहे’ म्हणून नाही, रोख पैसे हातावर ठेवले तरी नाही. सुदामा नगरचा एक मुलगा, हुशार, बोलणं उत्तम. बँकॉकच्या एका क्लासवाल्याने त्याला ‘सुरू तर कर, कागद मागून येतील’ म्हणून वर्गात उभं केलं. तपासणी आली तेव्हा मालक फोन उचलेना. मुलगा आधी कोठडीत, मग दंड, मग मायदेशी रवानगी, आणि राहिलेला पगार बुडाला तो बुडालाच. कायद्याने असा दंड ५,००० ते ५०,००० बाट आहे, आणि त्यानंतर दोन वर्षं नवं वर्क परमिट मिळत नाही. मालकालाही दंड होतो म्हणे, पण मालक आपल्याच देशात असतो. विमानात बसवतात ते तुम्हाला.

क्रम असा: आधी शाळेचं लेखी पत्र, मग नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा व्हिसा, मग वर्क परमिट, मग वर्ग. परमिटवर ज्या शाळेचं नाव आहे तिथेच शिकवायचं. संध्याकाळची शिकवणी दुसरीकडे घेतलीत तर तेही बेकायदा. नोकरी सुटली की त्या नोकरीवरचा मुक्कामही संपतो, तेव्हा राजीनामा रागाच्या भरात देऊ नका. पासपोर्ट आणि मूळ डिग्री कुणाच्याही ताब्यात ठेवायची नाही, मग तो एजंट आपल्या रामबागेतला का असेना.

एजंटावरून सांगते. ‘इंग्रजी येणारी मुलं हवीत, तिकीट आमचं, मुलाखत टेलिग्रामवर’ अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा. मार्च २०२५ मध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं. सीमेपलीकडे म्यानमारमध्ये म्यावाडीच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर ते अडकले होते, आणि त्यांतल्या अनेकांना थायलंडमधल्या चांगल्या नोकरीचंच आमिष दाखवलं होतं. खरी शाळा तुमची डिग्री मागते आणि तुम्हाला वर्ग घ्यायला लावून बघते.

त्या डेमोची तयारी करा. इंदुरी जिभेवर हिंदीचे संस्कार आहेत, ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ नकळत तोंडून जातं. ‘झू’ आणि ‘झीरो’चा आवाज ‘ज’कडे सरकतो. आपल्याला ते ऐकू येत नाही, समोरच्याला येतं. महिनाभर रोज स्वतःचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. मुलांच्या अडचणीही समजून घ्या. थाईमध्ये शब्दाच्या शेवटी ‘स’ येत नाही, त्यामुळे ‘राइस’चं ‘राइ’ होतं. मी लहानांच्या हातात सापाचं चित्र देते. मी कधी ‘राइ’ म्हणते, कधी ‘राइस’. शेवटी ‘स’ ऐकू आला की साप वर. पाच मिनिटांत सगळा वर्ग फुसफुसायला लागतो. असं काही दाखवलंत तर सर्टिफिकेटची आठवण कुणालाच होत नाही.

वर्गात आवाज चढवू नका. थाई शाळांत छडी २००५ पासून बंद आहे, आणि ओरडणाऱ्या शिक्षकाची किंमत मुलं आणि सहकारी दोघांच्याही नजरेतून उतरते. आपण ज्या शाळांत वाढलो तिथली ही सवय विमानतळावरच सोडा.

पगार ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्यापेक्षा कमी मिळतो, तेच काम करून. हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणते. पण त्यावर उपाय म्हणून स्वतःला लंडनचे म्हणवणारे आपले काही लोक इथे आहेत, ते मला मुळीच पटत नाही. पासपोर्ट एका मिनिटात सगळं सांगतो आणि मग पुढच्या भारतीयाच्या अर्जाकडे शाळा बघत नाही. त्यापेक्षा फिलिपिनो शिक्षकांशी मैत्री करा. कुठली एजन्सी सुट्टीतले महिने बिनपगारी ठेवते, कुठली शाळा परमिट वेळेवर काढते, हे सगळं त्यांना माहीत असतं आणि ती माणसं मोकळ्या मनाने सांगतात. करार १० महिन्यांचा की १२ हे सही करण्याआधी बघा.

शाकाहारी असाल तर लाल-पिवळ्या अक्षरांतली ‘जे’ची, म्हणजे शुद्ध शाकाहाराची, पाटी ओळखायला शिका, तिथे मासळीचा रसही घालत नाहीत.

पहिलं सत्र मेच्या मध्यात सुरू होतं आणि शाळा मार्च-एप्रिलमध्ये माणसं शोधतात. दुसऱ्या सत्रासाठी ऑक्टोबरमध्ये थोड्या जागा निघतात. मेचं सत्र गाठायचं असेल तर डिग्रीचा अर्ज आणि टोइकची तारीख दिवाळी झाली की लगेच हाती घ्या.