गुप्तवार्ता क्षेत्रात जायचे असेल, तर पदवीच्या वर्षांत काय करावे?

महाविद्यालयात संरक्षण व सामरिकशास्त्र शिकवताना दरवर्षी नव्या वर्गातून हमखास विचारले जाते, की 'रॉ'मध्ये, म्हणजे भारताच्या परदेशविषयक गुप्तवार्ता संघटनेत, जाण्यासाठी कोणता फॉर्म भरायचा. असा फॉर्म नसतो. १९६८ साली रामेश्वरनाथ काव यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली ही संघटना मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत येते आणि तिच्यात भारतीय पोलीस सेवेसारख्या सेवांमधून अधिकारी घेतले जातात. त्यामुळे थेट भरतीची हमी देणाऱ्या जाहिराती खुशाल फसव्या समजाव्यात.

पदवीधराला सरळ अर्ज करता येतो तो गृह मंत्रालयाखालील आयबीच्या (देशांतर्गत गुप्तवार्ता विभागाच्या) 'एसीआयओ', म्हणजे सहाय्यक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, या पदासाठी. कोणत्याही शाखेची पदवी चालते. अलीकडच्या भरतींमध्ये पहिला टप्पा शंभर गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांचा, दुसरा पन्नास गुणांच्या लेखी उत्तरांचा आणि शेवटी मुलाखत, असा क्रम राहिला आहे. पहिल्या टप्प्यासाठी शिकवणी वर्ग पुष्कळ आहेत, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. मराठी माध्यमातून आलेली हुशार मुले अडखळतात ती दुसऱ्या टप्प्यात, कारण तिथे इंग्रजीत निबंध लिहायचा असतो आणि उताऱ्याचे नेमके आकलन दाखवायचे असते.

यावर उपाय म्हणून मी वर्गात एक पानी टिपणे लिहून घेतो. उदाहरणार्थ, श्रीलंकेने हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे सोपवले, त्याचा भारतीय नौदलाच्या दृष्टीने अर्थ काय? टिपणात पक्की माहिती, तिच्यावरून काढलेला तर्क आणि अजून अज्ञात असलेले मुद्दे वेगवेगळे मांडावे लागतात. शिवाय माहिती देणारा किती विश्वासार्ह आहे आणि माहिती स्वतः किती संभाव्य वाटते, याची प्रतवारी स्वतंत्रपणे करावी लागते, कारण भरवशाचा माणूसही ऐकीव गोष्ट सांगू शकतो. सुरुवातीला मुलांना हे रटाळ वाटते (जासूसपटांचा परिणाम!), पण या व्यवसायातला बराचसा दिवस असाच कागदांत जातो. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही यंत्रणांमधील समन्वयाच्या आणि माहितीच्या मूल्यमापनाच्या उणिवांवर बोट ठेवले होते.

पुण्यातील विद्यार्थ्यांनी पदवीबरोबरच रानडे इन्स्टिट्यूटमध्ये एखादी परकीय भाषा शिकावी. वर्षभरात सोडून देण्यापेक्षा ती वर्तमानपत्र वाचता येईपर्यंत नेलेली बरी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना २००४ मध्ये स्थापन झालेल्या एनटीआरओसारख्या (राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना) तांत्रिक संस्थांचाही विचार करता येतो.

गुप्तवार्ता संघटनांसाठीच्या १९८५ च्या कायद्याने कर्मचाऱ्यांच्या वृत्तपत्रांशी बोलण्यावर आणि संघटना स्थापण्यावर निर्बंध घातले आहेत, याची कल्पना विद्यार्थ्याने घरच्यांनाही आधीच द्यावी. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा अर्जातील प्रत्येक नोंद कागदपत्रांशी जुळायला हवी. एसीआयओसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २७ वर्षे असल्याने आणि जाहिरात दरवर्षी येईलच असे नसल्याने, राज्यसेवा किंवा सीडीएसचा (सैन्यदलांत अधिकारी होण्यासाठीच्या परीक्षेचा) अभ्यास सोबत चालू ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.