रब्बी हंगाम: बॅटरीची तपासणी भार देऊनच करावी

गहू-हरभऱ्याची पेरणी, द्राक्षबागेतील फवारण्या आणि तुरीच्या शेंगांची रानडुकरांपासून राखण ही कामे या दिवसांत एकदमच अंगावर येतात आणि ट्रॅक्टर, फवारणी पंप व झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारे यंत्र) या तिघांचीही भिस्त बॅटरीवर असते. थंडी पडू लागली की शेतकऱ्यांची एक तक्रार हमखास येते: मीटरवर साडेबारा व्होल्ट दिसतात, पण ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही. मीटर बरोबरच असतो. मात्र त्या आकड्यावरून बॅटरीची अर्धीच प्रकृती कळते.

बॅटरीतून प्रवाह घेतला जात नसताना मीटरवर जो आकडा दिसतो, ती तिची विद्युत चालक प्रेरणा होय. शिसे-ॲसिड बॅटरीत ती मुख्यतः ॲसिडच्या तीव्रतेवर ठरते. पूर्ण चार्ज असलेल्या एका सेलमध्ये ती सुमारे २.१ व्होल्ट असते, म्हणून सहा सेलच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. प्लेटा झिजल्या, त्यांच्यावर सल्फेटचा थर बसला, तरी चार्जिंगनंतर हा आकडा बराच चांगला दिसू शकतो. बिघाड वाढतो तो अंतर्गत रोधात, म्हणजे प्लेटा, ॲसिड आणि आतले सांधे मिळून प्रवाहाला जो अडथळा करतात त्यात. प्रत्यक्ष कामाला मिळणारे व्होल्ट म्हणजे विद्युत चालक प्रेरणेतून प्रवाह आणि अंतर्गत रोध यांचा गुणाकार वजा करून उरणारी रक्कम.

सेल्फला, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीला, २०० ॲम्पियर लागतात असे धरू. अंतर्गत रोध ०.०१ ओहम असेल तर २ व्होल्ट आतच खर्च होतात आणि सेल्फला १०.६ व्होल्ट मिळतात; इंजिन सुरू होते. तोच रोध ०.०३ ओहम झाला तर ६ व्होल्ट आत जातात आणि उरलेल्या ६.६ व्होल्टांत सेल्फ नुसता कण्हतो. थंडीत ॲसिडची प्रवाहवहनाची क्षमता घटते, इंजिन ऑइल घट्ट होते आणि सेल्फला जास्त जोर लागतो. निफाड परिसरात पारा एक आकडी झाला की दिवाळीपर्यंत चाललेली बॅटरी पहाटे दगा देते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

म्हणून तपासणी पुढीलप्रमाणे करावी. चार्जिंगनंतर बॅटरी काही तास तशीच ठेवून व्होल्ट मोजावेत, मग इंजिन बंद ठेवून दोन्ही हेडलाइट लावावेत आणि एका मिनिटाने पुन्हा मोजावेत. ५५ वॅटचे दोन दिवे सुमारे ९ ॲम्पियर घेतात. १२.६ चे १२.० झाले, म्हणजे ०.६ व्होल्ट पडले, तर अंतर्गत रोध सुमारे ०.०७ ओहमपर्यंत गेला आहे आणि त्या बॅटरीकडून सेल्फची अपेक्षा ठेवू नये. मीटरच्या तारा प्रथम बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि नंतर केबलच्या क्लॅम्पवर टेकवून पाहाव्यात. दिवे चालू असताना दोन्हीत फरक दिसला तर दोष बॅटरीत नसून सांध्यात आहे. तिथली पांढरी-निळसर भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये, आणि सांधा कोरडा करून घट्ट आवळून पेट्रोलियम जेली लावावी. केबल सोडताना ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे. पातळी कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, ॲसिड घालू नये. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जागा मोकळी असावी आणि जवळपास विडी-काडी नसावी.

फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या लहान बॅटरीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पंप फवारून झाल्यावर उतरलेल्या बॅटरीसह कोपऱ्यात ठेवला की सल्फेटचे स्फटिक कडक होतात आणि अंतर्गत रोध कायमचा वाढतो. ३ ॲम्पियर घेणाऱ्या मोटारीला अर्ध्या ओहमच्या रोधामुळे दीड व्होल्ट कमी मिळतात, दाब घटतो, नोझलमधून थेंब मोठे पडतात आणि हरभऱ्यावरील घाटे अळीला औषध नीट लागत नाही. थोडा वेळ थांबवल्यावर पंप जोमाने चालतो आणि लगेच पुन्हा मंदावतो, ही त्याची खूण आहे. काम संपले की त्याच दिवशी चार्जिंग करावे.

झटका मशीनचा प्रवाह लहान असल्याने तिथे अंतर्गत रोधापेक्षा बॅटरी पूर्ण उतरण्याचा धोका मोठा आहे, कारण हिवाळ्यात दिवस लहान आणि रात्र लांब असते. बॅटरी चार्ज करणाऱ्या सौर पॅनेलवरची धूळ पुसावी आणि तारेला टेकणारे गवत काढावे. बॅटरी उतरली म्हणून घरची वीज कुंपणाला कदापि जोडू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मरतात. क्षमता वाढवण्यासाठी जुन्या बॅटरीला नवी जोडण्याचाही मोह टाळावा, कारण दोघींवरचा भार सारखा वाटला जात नाही आणि नवीही लवकर खराब होते. दोन बॅटऱ्या हव्या असतील तर एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घ्याव्यात.