पत्ता उलटा वाचायचा: इंटरनेटचे शब्द फोन हातात घेऊन शिकण्याची रीत

गिरगावात माझी आत्या राहते. वय ६९. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, त्यामुळे ‘जाऊ दे, तुला नाही कळायचं’ असं तिच्यासमोर म्हणायची कुणाची टाप नाही. गेल्या गणपतीच्या सुमारास तिला मेसेज आला: तुमचं विजेचं बिल थकलं आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडू, खालच्या लिंकवर लगेच भरा. तिने लिंक दाबली, कार्डाचा नंबर टाकला आणि ओटीपी मागितल्यावर कुठे थबकली. पैसे वाचले, कार्ड बंद करून घेतलं. रात्री मला फोन: “अरे, त्या लिंकमध्ये वीज पण लिहिलं होतं, बिल पण लिहिलं होतं. मग खोटं आहे हे मला कळणार कसं?”

प्रश्न रास्त होता. पण उत्तर द्यायला बसलो तर ‘लिंक’ सांगायला ‘वेबसाइट’ लागली, तिला ‘ब्राउझर’ लागला, आणि तासाभराने आम्ही दोघंही वैतागलो. व्याख्या पाठ करून हे डोक्यात बसत नाही. मग चार दुपारी चहा झाल्यावर फोन हातात घेऊन एकेक शब्द करून बघितला. ती रीत इथे देतो आहे. सगळं एका बैठकीत उरकू नका.

पायरी १: वाय-फाय आणि इंटरनेट वेगळे करा

फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा. मुंबईत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळे वीसेक नावं सहज दिसतील. आत्याच्या यादीत शेजाऱ्यांची आडनावं होती, एक ‘पासवर्ड मागू नये’ होतं आणि तिचं स्वतःचं नाव दोनदा होतं, एकदा नुसतं आणि एकदा शेवटी ‘५जी’ लावून. “म्हणजे माझ्याकडे फाइव्ह-जी आहे?” नाही. इथे फसगत ठरलेली. राउटरच्या, म्हणजे घरात वाय-फाय पसरवणाऱ्या डब्याच्या, नावातलं ‘५जी’ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, रेडिओलहरींचा एक पट्टा. मोबाइल कंपन्यांचं फाइव्ह-जी म्हणजे मोबाइल सेवेची पाचवी पिढी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंती ओलांडताना त्याचा दम लवकर जातो. २.४ गिगाहर्ट्झ जरा हळू, पण लांब पोचतो, आणि आजूबाजूच्या सगळ्यांचे राउटर त्याच पट्ट्यात बोलत असल्यामुळे तिथे गर्दीही जास्त. राउटरच्याच खोलीत असाल तर ५ वर जोडा, स्वयंपाकघरात रेंज तुटत असेल तर २.४ वर.

आता मुख्य मुद्दा. वाय-फाय म्हणजे तुमच्या फोनपासून राउटरपर्यंतचा हवेतला जोड, बस्स. इंटरनेट त्याच्या पलीकडे आहे. नळ चांगला असून गच्चीवरची टाकी रिकामी असू शकते, तसं वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या असूनही नेट बंद असू शकतं. नेट गेलेल्या दिवशी मुद्दाम बघा: रेघा पूर्ण दिसतात, पण बऱ्याच फोनमध्ये शेजारी उद्गारचिन्ह येतं. त्या दिवशी पासवर्ड बदलून काही होत नाही. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा, तरी नाही आलं तर सेवा देणाऱ्याला फोन.

त्या पलीकडच्या टाकीचं पाणी येतं कुठून? आत्याला वाटायचं उपग्रहावरून. खरं तर खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी ये-जा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या फायबरच्या, म्हणजे काचेच्या बारीक तंतूंच्या, केबलींमधून होते. खोल समुद्रात त्या जेमतेम बागेतल्या नळीएवढ्या जाड असतात. भारतात येणाऱ्या अशा केबलींपैकी बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. जानेवारी २००८मध्ये इजिप्तजवळ अशा केबली तुटल्या आणि इथल्या ऑफिसांतलं नेट रांगायला लागलं होतं.

पायरी २: ‘गूगल’ म्हणणं थांबवा

आत्या सगळ्यालाच गूगल म्हणते. “गूगल उघड, गूगलवर जा, गूगलने सांगितलं.” इथे तीन गोष्टी आहेत. क्रोम, फायरफॉक्स, सफारी हे ब्राउझर, म्हणजे पानं उघडून दाखवणारं अॅप. गूगल हे सर्च इंजिन, स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं: कुठे जायचं ते विचारा, ते गाड्या सांगतं. आणि वेबसाइट म्हणजे तुम्हाला जिथे पोचायचं आहे ते ठिकाण. चौकशीच्या खिडकीतला माणूस गाडी चालवत नाही, आणि त्याने सांगितलेली प्रत्येक गाडी तुमचीच असते असंही नाही.

करून बघा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत नुसतं ‘मुंबई महापालिका’ लिहा. समोर यादी येते, म्हणजे तुम्ही खिडकीवर आहात. यादीत ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असेल ती पैसे देऊन लावलेली जाहिरात. ती सोडा, खाली या. आता त्याच पट्टीत पूर्ण पत्ता टाका. यादी न येता थेट पान उघडतं. बँकेचा किंवा एखाद्या कंपनीचा ग्राहकसेवेचा नंबर मात्र या यादीतून कधीच उचलू नका. तिथे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला नंबर बघा.

जाता जाता: इंटरनेट आणि वेब हेही एक नव्हे. इंटरनेट हे रूळ, वेब ही त्यावरची एक गाडी. ईमेल आणि व्हॉट्सअॅप या दुसऱ्या. वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून.

पायरी ३: पत्ता उजवीकडून डावीकडे

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

आपण टपालाचा पत्ता कसा लिहितो? खोली १४, दुसरा मजला, अमुक चाळ, गिरगाव, मुंबई ४००००४. लहानापासून मोठ्याकडे. पण टपालखात्यात पत्राची वाटणी शेवटून सुरू होते: आधी पिनकोड, मग गल्ली, खोली सगळ्यात शेवटी. वेबसाइटचं नाव अगदी तसंच असतं. लिहिलेलं डावीकडून, पण अर्थ उजवीकडून लावायचा.

आत्याला आलेल्या लिंकचा सांगाडा साधारण असा होता. (फोनवर ही अक्षरं इंग्रजीत दिसतात, आणि नाव मी बदललं आहे.)

वीज.मुंबई.बिलभरा२४.कॉम/भरणा

आता हे करा:

१. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्यापुढच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या.
२. तिथून पुढे जी पहिली तिरकी रेघ येईल तिथे बोट ठेवा. बोटाच्या उजवीकडचं सगळं म्हणजे घरातलं कुठलं कपाट उघडायचं एवढंच. ते वाचू नका.
३. बोटापासून डावीकडे सरका. पहिला शब्द ‘कॉम’. त्याच्या डावीकडचा ‘बिलभरा२४’. हाच मालक.
४. त्याहून डावीकडे जे काही आहे ते मालकाने स्वतःच्या मर्जीने ठेवलेलं नाव.

म्हणजे ‘वीज’ आणि ‘मुंबई’ ही खोल्यांची नावं होती. आपल्या खोलीवर ‘मंत्रालय’ अशी पाटी लावली म्हणून तिथे मंत्री बसायला येत नाहीत. हे ऐकल्यावर आत्या दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पहिला शब्द वाचून मी फसले.” बरोबर तेच झालं होतं. आपल्याला डावीकडून वाचायची सवय, आणि त्या सवयीवरच त्यांचं पोट चालतं.

आता खरा पत्ता घ्या, मुंबई महापालिकेचा:

पोर्टल.एमसीजीएम.जीओव्ही.इन

शेवटून वाचा. इथे ‘जीओव्ही.इन’ ही दोन शब्दांची जोडी एकच शेवट समजायची. ती फक्त सरकारी संस्थांना मिळते. तिच्या डावीकडे ‘एमसीजीएम’, म्हणजे मालक पालिका. रेल्वे तिकिटांच्या आयआरसीटीसीचा शेवट ‘सीओ.इन’, तीही अशीच जोडी, पण ती कुणीही विकत घेऊ शकतं, त्यामुळे तिथे मालकाचं नाव अक्षर न् अक्षर तपासायचं. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२५मध्ये ‘बँक.इन’ हा वेगळा शेवट आणला, जो फक्त बँकांनाच मिळतो. या मालक-अधिक-शेवट जोडगोळीलाच डोमेन म्हणतात. देवनागरीतही डोमेन घेता येतं, ‘.भारत’ हा शेवट २०१४पासून आहे. वापरणारे मात्र अजून थोडेच, हे मला जरा खटकतं.

ईमेलमध्ये ‘इथे क्लिक करा’ असं बटण असतं तेव्हा पत्ता दिसतच नाही. त्यावर बोट टेकवून न उचलता दाबून धरा, बहुतेक वेळा खरा पत्ता वर येतो. आखूड केलेल्या लिंकमध्ये तोही दिसत नाही. अशी लिंक पैशांविषयी असेल तर उघडूच नका. ब्राउझरमध्ये जाऊन माहीत असलेला पत्ता स्वतः टाइप करा. चुकून कार्डाची माहिती भरली आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. एक तास आधी आणि एक तास नंतर यात फार फरक पडतो.

पायरी ४: पान उघडलं नाही तर काय म्हणतं ते वाचा

संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. त्या आकड्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. नावावरून आकडा काढून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, पूर्वीच्या जाडजूड टेलिफोन डिरेक्टरीसारखी. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये ती रचली. तुम्ही पत्ता टाकता तेव्हा पडद्यामागे अशी चौकशी होत असते.

पान उघडत नसेल आणि संदेशात ‘डीएनएस’ हा शब्द दिसला तर आधी स्पेलिंग तपासा. बहुधा त्या नावाची नोंद सापडलेली नाही. ‘४०४’ दिसलं तर चाळ सापडली, ती खोली सापडली नाही: पान हलवलं किंवा काढून टाकलं आहे. मुख्य पानावर जाऊन तिथून शोधा.

आणि कुलूप. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट खरी, असं अजून खूप जण सांगतात. ‘एचटीटीपीएस’मधला शेवटचा ‘एस’ आणि ते कुलूप एवढंच सांगतात की तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधे कुणाला वाचता येणार नाही. साइट कुणाची, याची हमी त्यात नाही. चोराच्या दुकानाचा रस्ताही बंदिस्त असू शकतो. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोमने २०२३मध्ये कुलूप काढून तिथे दुसरं चिन्ह आणलं.

पायरी ५: कुकी आणि कॅश

सिद्धिविनायकाला चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. परत आल्यावर बिल्ला दाखवायचा, नाव सांगावं लागत नाही. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेला असाच बिल्ला. त्यामुळे दरवेळी पुन्हा लॉग-इन करावं लागत नाही. तक्रार एवढीच की काही बिल्ले भलत्यांचेच असतात: जाहिरातवाले तुम्ही कुठे कुठे गेलात ते त्यावरून जोडत बसतात. कुकीविषयी विचारलं की ‘रिजेक्ट ऑल’ दाबा, साइट बहुतेक वेळा तशीच चालते.

कॅशची गोष्ट वेगळी. फोन मंद झाला म्हणून मी आत्याला म्हणालो, “क्लिअर कॅश दाब.” तिने फोन छातीशी धरला. “का? पैसे कशाला घालवू?” तिचं चूक नव्हतं, उच्चार तोच. ही कॅश म्हणजे पुन्हा लागेल म्हणून जवळ ठेवलेली प्रत, फ्रीजमधल्या निवडलेल्या कोथिंबिरीसारखी. कधी शिळी होते, तेव्हा टाकून द्यायची. नुकसान काही नाही, पुढच्या वेळी पान जरा उशिरा उघडेल. पण अँड्रॉइड फोनमध्ये तिच्या शेजारीच ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असतं. ते दाबलंत तर त्या अॅपमधून बाहेर पडाल आणि फोनवर साठवलेलं सगळं जाईल. दाबण्याआधी शब्द पुन्हा वाचा.

पायरी ६: वेगाला आठने भागा

इथे गणिताच्या बाई खूश झाल्या. जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे सेकंदाला इतके मेगाबिट असतात, फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, आणि १ जीबीचा सिनेमा उतरायला पूर्ण वेगातही ८० सेकंद. वेग मोजताना आधी राउटरशेजारी उभं राहून मोजा, मग आतल्या खोलीत. पहिला आकडा बरा आणि दुसरा पडका असेल तर दोष कंपनीचा नाही. आत्याचा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे होता. तो कपाटावर ठेवला, काम झालं.

पायरी ७: क्लाउड रिकामा करा

क्लाउड म्हणजे आभाळ नव्हे, दुसऱ्याचा संगणक. असे हजारो संगणक ठेवलेल्या इमारती नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात उभ्या आहेत. गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती ईमेल, फोटो, ड्राइव्ह या सगळ्यांत मिळून असते. अँड्रॉइडवर व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा भरली की नवीन ईमेल येणं थांबतं. सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ उघडा आणि सगळ्यात जास्त जागा कशाने खाल्ली ते बघा. आत्याच्या खात्यात फुलांवर शुभ सकाळ लिहिलेले व्हिडिओ निघाले. एकेक करून पुसायला आख्खी दुपार लागली, कारण पुसण्याआधी तिला प्रत्येक बघायचा होता.