सायकोटिकसारखे अनुभव आणि ब्रेन कनेक्टिव्हिटी: असा पेपर वाचायचा कसा

हेल्दी लोकांमधले सायकोटिकसारखे अनुभव आणि त्यांच्या मेंदूतली कनेक्टिव्हिटी (मेंदूच्या भागांमधली जोडणी) यावरचे पेपर आता ढिगाने येतात, आणि एक म्हणतो कनेक्शन कमी झालंय, दुसरा म्हणतो वाढलंय, आणि गंमत म्हणजे दोघांचेही पी व्हॅल्यू (निव्वळ योगायोगाने असा निकाल यायची शक्यता किती ते सांगणारे आकडे) झकास असतात. सायकॉलॉजी, न्यूरो शिकणाऱ्यांनी किंवा नुसती आवड म्हणून वाचणाऱ्यांनी अशा वेळी रिझल्टवर उडी मारू नये, सरळ मेथड्सचा भाग उघडावा. माझं मत विचाराल तर तीनचतुर्थांश निकाल तिथेच लागतो.

आधी ही माणसं कोण ते बघा. घरात कुणी नसताना कुणीतरी नावाने हाक मारली असं वाटणं, अनोळखी लोक आपल्याकडे बघून काहीतरी सूचक बोलतायत अशी शंका येणं, असे हे अनुभव. लिन्सकॉट आणि व्हॅन ऑस यांनी २०१३ मध्ये बऱ्याच सर्व्हेंचे आकडे एकत्र केले, तेव्हा साधारण ७ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी असं काही झालेलं दिसलं, त्यातल्या ८० टक्के लोकांचं ते आपोआप निघून गेलं, आणि पुढे सायकोटिक आजार (खरं काय आणि भास काय यातला फरक कळेनासा होतो असा) झाला तो त्यांच्यातल्याच ७ टक्क्यांच्या आसपास लोकांना. म्हणजे पेपरमध्ये ज्यांचा मेंदू दिसतोय ते बहुतेक जण कधीच पेशंट होणार नाहीयेत. (तुम्हालाच असे अनुभव येत असतील आणि त्रास होत असेल, झोप उडाली असेल, तर सायकियाट्रिस्टशी बोला, स्कॅन काढून यातलं काहीच कळत नाही.)

मग प्रश्नावली कोणती वापरली ते शोधा, कारण खरी मेख इथे आहे. केप नावाची प्रश्नावली बरीच चालते, तिच्यात ४२ प्रश्न आहेत, पण भास-संशयवाले फक्त २०, बाकीचे १४ उत्साह-भावना आटण्याबद्दल आणि ८ उदासीबद्दल. आता संशोधकांनी टोटल स्कोअर घेतला असेल तर नुसता उदास असलेला माणूसही 'हाय' ग्रुपमध्ये जाऊन बसतो, आणि मग जो फरक सापडला तो डिप्रेशनचा की भासांचा हे कुणीच सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे फक्त टिक करून घेतलं की समोर बसवून विचारलं? झोप लागताना ऐकू आलेला आवाज, तापात झालेला भास, गांजा ओढल्यावरचा संशय, हे सगळं टिक करताना एकाच खणात पडतं. आणि 'हेल्दी' म्हणजे नक्की काय तेही लिहिलेलं असलं पाहिजे. स्वतःहून मदत मागायला आलेले हाय रिस्कवाले किंवा पेशंटचे भाऊ-बहीण हे वेगळे ग्रुप आहेत, त्यांचे रिझल्ट इकडे चिकटवायचे नाहीत.

हेल्दी लोकच का घेतात? स्किझोफ्रेनियात (हा एक सायकोटिक आजार) मेंदूच्या भागांमधला ताळमेळ बिघडतो ही कल्पना फ्रिस्टन आणि फ्रिथ यांनी १९९५ मध्ये मांडली, पण पेशंटमध्ये ती तपासायची तर अँटिसायकोटिक गोळ्या, वर्षानुवर्षांचा आजार, हॉस्पिटलच्या वाऱ्या हे सगळं मध्ये येतं. हेल्दी लोकांत ती भानगड नाही, हा खरंच मोठा फायदा.

आता कनेक्टिव्हिटी कोणती? फंक्शनल असेल तर ती म्हणजे दोन भागांचे सिग्नल एकाच वेळी वर-खाली होतायत एवढंच. बिस्वाल यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की माणूस नुसता पडून असला तरी हात हलवणारे डावे-उजवे भाग एका लयीत चालतात. पण तो बोल्ड सिग्नल (एफएमआरआय स्कॅन मोजतो तो) रक्तातल्या ऑक्सिजनचा असतो, न्यूरॉनचा नाही, आणि न्यूरॉन पेटल्यावर पाचेक सेकंदांनी शिगेला पोचतो, त्यामुळे नुसत्या कोरिलेशनवरून (दोन सिग्नल किती सोबत बदलतात त्या आकड्यावरून) कोणी कोणाला ढकललं हे कळत नाही. डीसीएमसारखं मॉडेल (एका भागाचा दुसऱ्यावर होणारा परिणाम गणितात मांडणारं) असेल तर दिशेबद्दल बोलता येतं, पण उत्तर कोणती मॉडेलं स्पर्धेला उभी केली त्यावर असतं. स्ट्रक्चरल म्हणजे भाग जोडणारे धागे, ते बघायचा स्कॅन म्हणजे डीटीआय, यात मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते मोजतात. इथे एफए (पाणी किती एकाच दिशेने सरकतं तो आकडा) कमी आला की लगेच 'व्हाइट मॅटर (म्हणजे हे धागे) खराब' असं लिहिलेलं दिसेल, त्यावर विश्वास ठेवू नका, व्हाइट मॅटरच्या बहुतेक व्हॉक्सेलमध्ये (स्कॅनमधल्या छोट्या ठोकळ्यांमध्ये) धागे एकमेकांना छेदून जातात आणि तेवढ्यानेही एफए खाली येतो.

यापुढचा भाग सावकाश वाचा, डोकं हलणं. स्कॅनरमध्ये पडलेला माणूस आवंढा गिळतो, पाठ अवघडली म्हणून जरा सरकतो, डोकं अर्धा मिलिमीटर हलतं, आणि पूर्ण मेंदूचा सिग्नल एकदम बिघडतो. २०१२ मध्ये पॉवर, व्हॅन डाइक आणि सॅटरथ्वेट यांच्या वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की या हलण्याने जवळच्या भागांतलं कोरिलेशन फुगतं आणि लांबच्या भागांतलं पडतं. आता विचार करा, ज्यांना असे अनुभव येतात त्यांच्यात काळजी-अस्वस्थता जास्त असण्याची शक्यता असते, ते बंद नळीत जरा जास्त चुळबुळ करणार, आणि लांबची कनेक्शन कमी दिसणार, म्हणजे फ्रिस्टन-फ्रिथच्या डिसकनेक्शनवाल्या थिअरीला जे हवंय नेमकं तेच! त्यामुळे दोन्ही ग्रुपचं सरासरी हलणं शेजारी शेजारी दिलंय का ते बघा, हललेल्या फ्रेम (स्कॅनमधली एकेक छबी) किती मिलिमीटरवर कापल्या ते बघा (०.२ कडक, ०.५ सैल), आणि कापून उरलं किती तेही. दहा मिनिटांचा स्कॅन, दोन सेकंदाला एक फ्रेम, म्हणजे ३०० फ्रेम, त्यातल्या १२० गेल्या तर हातात सहाच मिनिटं राहिली, आणि एवढ्यात एका माणसाबद्दल ठाम काही बोलणं अवघडच.

डोळे उघडे होते की मिटलेले हेही बघून घ्या, कारण २०१४ मध्ये टागलियाझुकी आणि लाउफ्स यांना आढळलं की रेस्टिंग स्कॅनमध्ये (ज्यात नुसतं पडून राहायचं असतं) तिसऱ्या मिनिटापर्यंतच जवळपास एक तृतीयांश लोक डुलक्या घ्यायला लागतात. ग्लोबल सिग्नल (पूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल) काढून टाकला असेल तर निगेटिव्ह कोरिलेशन (एक वर गेला की दुसरा खाली) दिसली म्हणून हरखून जाऊ नका, ती त्या स्टेपमुळेही येतात. रिझल्ट दोन्ही पद्धतींनी दिला असेल तर मी त्या पेपरला जादा मार्क देते.

मग जरा आकडेमोड. मेंदूचे ९० तुकडे केले तर जोड्या होतात ४००५. प्रत्येक जोडी पी ०.०५ या मर्यादेवर तपासली तर काहीही नसताना २०० च्या आसपास जोड्या 'सिग्निफिकंट' येणार. ४०० तुकडे केले तर जोड्या ७९,८०० आणि खोट्या जोड्या जवळपास ४,०००. म्हणून अशा खोट्या जोड्या आवरायला करेक्शन कोणतं केलं ते शोधायचंच. एनबीएस (जोड्यांच्या जाळ्याची एकत्र चाचणी करणारी पद्धत) वापरलं असेल तर पूर्ण जाळ्याबद्दल बोलता येतं, त्यातल्या एका तारेवर बोट ठेवता येत नाही, तरी डिस्कशनमध्ये लोक हमखास एका तारेची गोष्ट रंगवतात.

सॅम्पल २५-३० चं असेल तर सावध राहा. मारेक आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की मेंदू आणि वागणूक यांचं नातं भरवशाने पकडायला हजारो माणसं लागतात, आणि छोट्या सॅम्पलमध्ये नशिबाने मोठा आलेला आकडाच छापून येतो. म्हणून अमेरिकेतल्या एबीसीडीसारख्या (मुलांच्या मेंदूच्या वाढीचा मोठा अभ्यास) डेटावरचे पेपर आधी वाचा, तिथे २१ ठिकाणची ९-१० वर्षांची ११ हजारांहून जास्त मुलं घेतली आणि मुलांसाठी बेतलेली प्रश्नावली वापरली. इफेक्ट छोटे निघतात, हो, पण तो डेटाचा दोष नाही, ते खरंच तेवढेच असावेत.

हे सगळं झाल्यावर रंगीत चित्राकडे या. तिथे फ्रंटल (पुढचा) भाग ते डॉर्सल स्ट्रायटम (मेंदूच्या आत खोलवरचा भाग) हा मार्ग किंवा डिफॉल्ट मोड नेटवर्क (नुसतं पडून असताना एकत्र चालणारे भाग) दिसलं तर निदान आधीच्या कामाशी धागा जुळतो, कुठला तरी भलताच कोपरा पेटलेला असेल तर दुसऱ्या सॅम्पलमध्ये परत सापडेपर्यंत थांबा. आणि 'प्रेडिक्ट करतं' हा शब्द दिसला की त्या लोकांना पुढे परत तपासलं का ते बघा, कारण स्कॅन आणि प्रश्नावली एकाच वेळी घेतली असेल तर पुढचं काहीच प्रेडिक्ट झालेलं नाहीये, आणि आर (कोरिलेशनचा आकडा) ०.१ असेल तर लोकांच्या स्कोअरमधला जो फरक आहे त्यातला जेमतेम १ टक्का त्या कनेक्शनशी जोडता येतो, उरलेल्या ९९ टक्क्यांबद्दल पेपरमध्ये एखादं वाक्य तरी आहे का ते लिमिटेशन्समध्ये शोधा.